दुसरीच्या वर्गासाठी गणित पेटी: सोमवार ते शनिवार वापरून केलेलं परीक्षण

‘सेहेचाळीस’ म्हटलं की मुलाच्या कानावर आधी सहा येतो, मग चाळीस. पाटीवर मात्र आधी ४ लिहायचा, मग ६. एकवीसपासून पुढे पूर्ण दशकं सोडली तर सगळीकडे हीच उलटापालट. त्यात एकोणाची भर. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत आठ संख्यांच्या नावात पुढचं दशक ऐकू येतं आणि लिहावं लागतं मागचं. नव्व्याण्णव तेवढा या रांगेतून सुटला आहे. दुसरीतलं मूल ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहितं, तेव्हा त्याने कानावर पडलेला तीस आणि नऊ इमानाने पाटीवर उतरवलेला असतो. त्याला ओरडून काही साधत नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत आली आणि राज्यभर वाद झाला. वाद भाषेचा होता. वर्गातली अडचण त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे आणि आजही आहे.

म्हणून ही पेटी तपासताना एकच कस लावला आहे. ‘सेहेचाळीस’ ऐकून ४६ लिहायला, ४६ बघून ‘सेहेचाळीस’ म्हणायला आणि दोन्ही वेळा डोळ्यांपुढे चार दहा नि सहा सुटे उभे राहायला पेटीतली कोणती वस्तू मदत करते? जी करते ती ठेवायची, बाकीची कपाटात गेली तरी चालेल. कोल्हापुरात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पेटी घ्यायची ठरते तेव्हा चर्चा बहुतेक किमतीची आणि ‘किती वस्तू आहेत’ याची होते. वस्तूंचे प्रकार किती, यापेक्षा एकेक वस्तू किती मुलांच्या हातात पोहोचते हे आधी मोजायला हवं.

परीक्षणाला घेतलेली पेटी ‘तीस मुलांसाठी’ म्हणून विकली जाते. तिच्यात शंभर मण्यांची एक मोठी माळ, सहा छोट्या माळा, बाणकार्डांचे (एकावर एक ठेवून संख्या जुळवायच्या कार्डांचे) सहा संच, ६० दशक दांडे, १०० एकक ठोकळे, खेळातल्या नोटा, तीन खांबांची मणीचौकट, पुठ्ठ्याची दोन घड्याळं, बारा फासे, कापडी शतक तक्ता आणि एक मार्गदर्शिका आहे. हिशोब पाच-पाच मुलांच्या सहा गटांचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट बघावी, आणि ती दुकानातच. कार्डांवरचे अंक देवनागरी आहेत की इंग्रजी? मराठी माध्यमाच्या दुसरीत मूल १ ते ९ देवनागरीत लिहितं. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखे दिसतात, देवनागरी ५ इंग्रजी चारसारखा भासतो. या पेटीत बाणकार्डं देवनागरी आहेत, फासे आणि घड्याळं इंग्रजी. अशी सरमिसळ पहिल्या सत्रात नकोच. फाशांवर ठिपके असलेले चालतात, अंक असलेले नकोत.

पेटीची सर्वांत मोठी उणीव सोमवारीच कळते. तिच्यात सुट्या काड्या नाहीत. दशक दांडा तयार येतो, दहा खाचांचा, अखंड. तो दहाच आहे यावर मुलाने विश्वास ठेवायचा. पहिल्याच दिवशी दांडे वाटले की चार दांडे आणि सहा ठोकळे बघून बरीच मुलं ‘दहा’ म्हणतात, कारण त्यांनी वस्तू मोजल्या. दहाचा एक होतो ही गोष्ट मुलाच्या बोटांतून जावी लागते. म्हणून सोमवारी पेटी बंदच ठेवा. प्रत्येक गटाला ११० काड्या द्या, म्हणजे सहा गटांना ६६० लागतील. आइस्क्रीमच्या काड्या उत्तम. खराट्याचे हीर टोचतात आणि पावसाळ्यात बुरसटतात. रबर रुंद आणि सैल हवं. सात वर्षांच्या मुलाला घट्ट रबर दोनदा गुंडाळता येत नाही, मग मोजणी राहते बाजूला आणि सगळा तास रबराशी झटापट होते.

रीत अशी. गटाने मूठ-दोन मुठी काड्या उचलायच्या, किती असतील याचा अंदाज पाटीवर लिहायचा, मग दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. एकाने बांधलेला गठ्ठा शेजारच्याने सोडून पुन्हा मोजायचा. नऊचे आणि अकराचे गठ्ठे हमखास निघतात, आणि ते मुलांनी एकमेकांचे पकडलेले बरे. शेवटी ‘गठ्ठे किती, सुट्या किती’ एवढंच विचारायचं. संख्येचं नाव शिक्षकाने शेवटी घ्यायचं: चार गठ्ठे, सहा सुट्या, चाळीस आणि सहा, सेहेचाळीस. हा क्रम आठवडाभर बदलायचा नाही. २०१९ च्या पुस्तकातली रीत इथे मधली पायरी म्हणून फार उपयोगी पडते. ‘चाळीस आणि सहा’ हा पूल आहे. पलीकडे ‘सेहेचाळीस’ उभाच असतो आणि मुलाने तिथे पोहोचायचंच असतं.

मंगळवार माळेचा. पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू हीच, आणि तिच्याबद्दलच सविस्तर लिहायला हवं.

शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. रंग बदलला की दशक बदललं, त्यामुळे मुलाला एकेक मणी मोजावा लागत नाही. नेदरलँड्समधल्या गणितशिक्षणातून ही माळ आणि तिच्यावरून निघणारी कोरी, म्हणजे आधी आकडे न घातलेली, संख्यारेषा जगभर गेली. रंगांची निवड महत्त्वाची. लाल-पांढरा किंवा निळा-पिवळा असा ठळक फरक हवा. लाल-हिरवा अजिबात नको, कारण हे दोन रंग वेगळे ओळखता न येणारी मुलं, बहुधा मुलगे, वर्गात असू शकतात आणि ते दुसरीत कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. काही माळांत पाच-पाच मण्यांनी रंग बदलतो. ती रचना वीस मण्यांच्या, पहिलीच्या माळेला ठीक. शंभराच्या माळेत तिने दशक हरवतं.

मोठ्या माळेतला मणी २० मिलिमीटरचा आहे, म्हणजे मण्यांचीच लांबी झाली दोन मीटर. मणी सरकवायला दोरीत मोकळी जागा लागते, निदान ४० सेंटिमीटर. पेटीतल्या दोरीत ती दहाच्या आसपास आहे. त्यामुळे मणी मोजून बाजूला सरकवले की टोकाशी दाटी होते आणि दोन गटांमध्ये स्पष्ट फट पडत नाही. घेतल्या घेतल्या माळ पुन्हा ओवून घेणं हाच उपाय. दोन मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी घ्यावी, टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करावी आणि गाठीआधी एक मोठी चकती घालावी, नाहीतर गाठ शेवटच्या मण्यात शिरते. कोल्हापुरात गुजरीच्या बाजूला साज-पोत गाठवणारे कारागीर आहेत. हे काम त्यांच्या हातचा मळ. फक्त दहा-दहाचा क्रम चुकू नये म्हणून मणी आधी दहाच्या पुड्यांत बांधून द्यावेत.

माळ कुठे टांगायची? बहुतेक वर्गांत ती फळ्याच्या वर, छताजवळ दिसते. तिथे ती शोभेची होते. मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर, जमिनीपासून साधारण मीटरभर, दोन खिळ्यांमध्ये ताणून लावायची. मधे झोळ पडला तर मणी सगळे मध्यावर गोळा होतात, म्हणून अडीच मीटरच्या पल्ल्यात मधे एक आधाराचा हूक लागतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. संख्या कुठे संपते ते दाखवणारा चिमटा मण्यावर लावतात. ४६ दाखवायचे तर चिमटा सेहेचाळिसाव्या मण्याच्या नंतर, फटीत यायला हवा, कारण त्याच्या डावीकडे सेहेचाळीस मणी आहेत हे दाखवायचं असतं. चिमटा मण्यावर असला तर पुढची उडी मोजताना मूल तो मणी पुन्हा मोजतं आणि ४६ अधिक ३ चं उत्तर ४८ येतं. गुरुवारी बेरजेत असं उत्तर दिसलं की मूळ मंगळवारच्या चिमट्यात शोधावं.

माळेवर शिकवायचा क्रम: आधी पूर्ण दशकं. ‘चाळीस दाखव’ म्हटल्यावर मुलाने चार रंगपट्टे एका झटक्यात ओलांडावेत. एकेक मोजत असेल तर अजून पूर्ण दशकांवरच थांबा, पुढे जाऊ नका. मग चाळीस आणि सहा. मग शेवटी एकोण. एकोणासाठी या माळेइतकं स्पष्ट साधन दुसरं नाही. चिमटा तीसच्या फटीत लावायचा आणि म्हणायचं: तीसला एक उणा. चिमटा एक मणी मागे. तो आता तिसऱ्या रंगपट्ट्यात आहे, म्हणजे दोन पट्टे पूर्ण आणि नऊ मणी. वीस आणि नऊ, एकोणतीस. आठही एकोण एका बैठकीत करायचे नाहीत; मंगळवारी एकोणतीस आणि एकोणचाळीस पुरे. उरलेले रोज एक, परिपाठानंतरच्या दोन मिनिटांत.

छोट्या माळा आठ मिलिमीटरच्या मण्यांच्या आहेत, ८० सेंटिमीटर लांब. दोन मुलांच्या बाकावर नीट मावतात. सहाच्या जागी पंधरा हव्यात, जोडीला एक. मण्यांचा रंग ओल्या हाताला लागतो का हे विकत घेताना बघा: ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा घासा. कोल्हापूरचा जून-जुलै लक्षात घेता हे करणं भागच आहे. परीक्षणातल्या पेटीत मोठ्या माळेचा लाल रंग टिकला, छोट्या माळांचा उतरला.

बुधवारी बाणकार्डं. एककांची नऊ, दशकांची नऊ आणि शंभराचं एक अशी दुसरीला १९ पुरतात. एककाच्या कार्डाच्या दुप्पट लांब दशकाचं, तिप्पट लांब शंभराचं, आणि सगळ्यांना उजवीकडे बाणासारखं टोक. ४० च्या कार्डावर ६ चं कार्ड टोकाला टोक जुळवून ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि ४६ दिसतं. मूल ‘चारशे सहा’सारखं ४०६ लिहितं तेव्हा त्याच्या मनात चाळीस आणि सहा बरोबर असतात, फक्त ते दोन्ही शेजारी लिहितं. कार्ड उचललं की खालचा शून्य दिसतो: चाळीस गेले नाहीत, सहाच्या खाली आहेत. हे फळ्यावर कितीही सांगून उतरत नाही, कार्डाने एका मिनिटात उतरतं.

इथे छपाईची बारीक चूक फार महागात पडते. ६ ची चौकट ४० मधल्या शून्यावर तंतोतंत बसायला हवी. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की शून्याची कड डोकावते आणि मूल ‘हे काय?’ म्हणून तिथेच अडकतं. दुकानात नऊ जोड्या लावून बघायला वेळ लागत नाही. या पेटीतल्या सहा संचांपैकी एकात ७० आणि ८० ची कार्डं कापताना तिरकी गेली होती. चकचकीत लॅमिनेशन दुसरी अडचण: कार्ड कार्डावरून घसरतं आणि ट्यूबलाइटची तिरीप पडून मागच्या मुलांना अंक दिसत नाही. मॅट हवं. लॅमिनेशन अगदी कडेला कापलेलं असेल तर पावसाळ्यात ओल शिरून थर सुटतात. तीन मिलिमीटरची पारदर्शक कड राहिली पाहिजे.

सहा संच तीस मुलांना कमी पडतात. पाचांपैकी एक लावतो, चार बघतात. आणखी नऊ संच हाताने करता येतात आणि ते स्वस्त पडतं. ५६ बाय ७१ सेंटिमीटरच्या एका कार्डशीटमध्ये तीन संच बसतात. सहा सेंटिमीटर रुंदीच्या नऊ आडव्या पट्ट्या आखा. एककाचं कार्ड पाच सेंटिमीटर अधिक दीड सेंटिमीटर टोक, दशकाचं दहा अधिक दीड, शंभराचं पंधरा अधिक दीड. पाच पट्ट्यांत दशकं, तीन पट्ट्यांत एकक, एकीत शंभर. तीन शीटमध्ये नऊ संच होतात. अंक चौकटीच्या बरोबर मध्यावर यावेत म्हणून पाच सेंटिमीटरची एक खिडकी कापलेला पुठ्ठा साचा म्हणून वापरावा.

कार्डांचा खेळ ऐकण्याशी जोडला तरच त्याचा खरा उपयोग. शिक्षक ‘त्रेसष्ट’ म्हणतात. मुलाने आधी कोणतं कार्ड उचलायचं? ‘सष्ट’ म्हणजे साठ, म्हणून साठाचं. मग तीनचं त्याच्यावर. हात आधी दशकाकडे गेला पाहिजे, ही सवय लावायची आहे. यासाठी शेपट्या ओळखाव्या लागतात: वीस, तीस, चाळीस, न्न, सष्ट, हत्तर, ऐंशी, ण्णव. पन्नाशीची ‘न्न’ सगळ्यात कठीण, कारण बावन्न, चोपन्न, छप्पन्नमध्ये पन्नास मुलाला ऐकूच येत नाही. तिच्यावर एक अख्खी तासिका गेली तरी ती सार्थकी लागली. ‘चौ’ हे चाराचं, ‘पंच’ पाचाचं हे मुलं पटकन धरतात; बा, बे आणि ब्या हे तिन्ही दोनच आहेत हे मात्र सांगावं लागतं.

३६ आणि ६३ इथेच घ्यावेत. ‘छत्तीसचा आकडा’ म्हणजे ३ आणि ६ ची एकमेकांकडे पाठ. ६३ मध्ये दोघे समोरासमोर. मुलांना हे चित्र फार आवडतं आणि ३ व ६ उलटे काढण्याची खोडही त्याने कमी होते. देवनागरी अंक असलेल्या कार्डांचा हा एक फायदा, जो इंग्रजी अंकांच्या पेटीत मिळणारच नाही.

गुरुवार दांड्यांचा. दहाचा एक होतो हे एव्हाना हातांना कळलेलं असतं, म्हणून आता अखंड दांडा चालतो. ४७ अधिक ३८ घ्या. सात आणि आठ मिळून पंधरा सुटे. त्यातले दहा परत करून एक दांडा आणायचा. हाच हातचा. तो दांडा हातात आल्यावरच फळ्यावर दशकाच्या घरावर १ लिहायचा, आधी नाही. मग चार, तीन आणि एक मिळून आठ दांडे, पाच सुटे: पंच्याऐंशी. वजाबाकीत ५२ मधून २७ काढताना एक दांडा देऊन दहा सुटे घ्यायचे, बारा झाले, सात काढले, पाच उरले. चार दांड्यांतून दोन काढले, दोन उरले. पंचवीस.

आता संख्येचा हिशोब. दोन अंकी बेरजेत एका वेळी जास्तीत जास्त १८ सुटे लागतात, नऊ आणि नऊ. वजाबाकीतही तेवढेच, कारण दशक मोडावं लागतं तेव्हा एककात फार तर आठ असतात. सहा गटांना १०८ ठोकळे हवेत. पेटीत १०० आहेत. म्हणजे गटाला सोळा, चार वरती. ४९ अधिक ३९ आलं की गटाचे सुटे संपतात आणि मुलं शेजारच्या गटाकडे धावतात. हरवणारे धरून आणखी २० ठोकळे घ्यावेत. दांडे गटाला दहा, ते पुरतात. ठोकळा एक घन सेंटिमीटरचा आहे आणि दांडा बरोबर दहा सेंटिमीटरचा. दहा ठोकळे दांड्याशेजारी लावून हे तपासा. काही स्वस्त संचांत ठोकळे किंचित मोठे असतात, दहा लावले की दांड्याच्या पुढे जातात, आणि मग सगळ्या विश्वासावरच पाणी पडतं. या पेटीत माप नेमकं आहे. ठोकळे एकमेकांत अडकणारे नाहीत, तेही बरंच. अडकणारे असले की मुलं त्यांची बंदूक करतात.

गुरुवारीच माळ पुन्हा काढावी, उडीच्या बेरजेसाठी. कोल्हापूरच्या मुलांना पावसाळ्यात घरोघरी दोन संख्या ऐकू येतात: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३५ फुटांवर आहे, इशाऱ्याला किती फूट कमी? चिमटा ३५ च्या फटीत, चार मणी पुढे. धोक्याला किती? पाचची उडी चाळीसवर, मग तीनची, मिळून आठ. पूर्ण दशकावर पाय टेकवून पुढे जाणं हेच या माळेचं मुख्य शिक्षण, आणि एकोणचाळीस या निमित्ताने पक्का होतो. पण प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरं सोडावी लागलेल्या गावांत हे उदाहरण जपून घ्यावं. मुलाच्या चेहऱ्यावर भीती दिसली तर फूट सोडून उसाच्या मोळ्या मोजा. गणित तेच राहतं.

शुक्रवारच्या नोटा-नाण्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दहाची नोट आणि एक रुपया एवढंच वापरा. वीस आणि पन्नासच्या नोटा पुढच्या महिन्यात. पेटीत एकच्या नाण्यांऐवजी कागदी तुकडे आहेत, पंख्याच्या वाऱ्याने उडतात. खरी नाणी किंवा चिंचोके बरे. बाजार मांडताना वस्तूंच्या चिठ्ठ्यांवर मुद्दाम ४६ आणि ६४, ३६ आणि ६३ अशा जोड्या लावाव्यात. दुकानदार मुलाने भाव तोंडी सांगायचा, गिऱ्हाइकाने नोटा मोजायच्या. चुकीचा भाव ऐकला की खिशाला लागतं, आणि मूल स्वतःच ‘परत सांग’ म्हणतं.

शनिवारी सकाळची शाळा, वेळ कमी. दहा संख्यांचं श्रुतलेखन, पाटीवर, एकेकदाच उच्चार. संख्या अशा निवडाव्यात: ४६, ६४, ३६, ६३, २९, ५९, ८०, ५४, १७, ७८. गुण द्यायचे नाहीत, चुका वाचायच्या. ४६ ला ६४ लिहिलं तर ते कानाचं उलट लिखाण. मुलाला पुन्हा बुधवारचा खेळ, दशकाचं कार्ड आधी. २९ ला ३९ किंवा ५९ ला ६९ लिहिलं तर माळ आणि ‘एक उणा’. ४०६ सारखं लिखाण दिसलं तर कार्ड उचलून शून्य दाखवणं. चोपन्नला काहीच न लिहिता पाटी कोरी ठेवली तर शेपटीची ओळख नाही. आणि ऐंशी ला ८ लिहिलं तर मूल अजून गठ्ठा मोजतं आहे, दहा मोजत नाही. त्याला सोमवारच्या काड्यांकडेच न्यायला हवं, बाकी वर्ग कितीही पुढे गेला असला तरी. मुलांची नावं या पाच रकान्यांत लिहिली की पुढच्या आठवड्याचे गट आपोआप पडतात. मार्गदर्शिकेत यातलं काही नाही. तिचा मजकूर दुसऱ्या भाषेतून ओढूनताणून आणलेला आहे आणि एकोणाचा उल्लेखही नाही. मराठी मुलांसाठीच्या पेटीत ही उणीव मनाला लागते.

उरलेल्या वस्तूंचं थोडक्यात. तीन खांबांची मणीचौकट दुसरीच्या पहिल्या सत्रात नको. दशकाच्या खांबावरचा मणी आणि एककाच्या खांबावरचा मणी सारखेच दिसतात, म्हणून दहापण फक्त जागेवरून ओळखावं लागतं. हे नंतरचं काम. शतक तक्ता कापडी आहे, घडी पडत नाही, चांगला आहे. माळेच्या दहा-दहा मण्यांचे पट्टे एकाखाली एक ठेवले की तोच तक्ता होतो हे मुलांना दाखवावं. घड्याळं परत करावीत. त्यांचे दोन्ही काटे सुटे फिरतात, त्यामुळे साडेतीन दाखवताना तासकाटा तीनवरच राहतो आणि मूल चुकीचं चित्र मनात घेऊन घरी जातं. दातेरी चक्र असलेलं, मिनिटकाटा फिरवला की तासकाटाही सरकणारं एकच घड्याळ वर्गाला पुरतं.

राधानगरी, गगनबावड्याकडे पहिली-दुसरी एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे असणाऱ्या वाड्यांवरच्या शाळांना ही पेटी अर्धीच लागेल. तिथे पट कमी, त्यामुळे सहा छोट्या माळा आणि सहा संच पुरून उरतात. पहिलीची मुलं काड्या बांधत असताना दुसरीची माळ घेऊन बसली तर शिक्षकाला दोघांकडे बघता येतं. अशा ठिकाणी पेटी आहे तशी घ्यायला हरकत नाही, काड्या तेवढ्या वेगळ्या. तीसच्या पटाला मात्र पूर्ण पेटी घेण्यापेक्षा मोठी माळ एक, छोट्या पंधरा, बाणकार्डं पंधरा संच, दांडे साठ आणि ठोकळे एकशेवीस असे सुटे भाग दुकानदाराकडे मागावेत. बरेचदा ते मिळतात.

वाटपात तासिकेतली दहा मिनिटं जातात, ती वाचवायची असतील तर गटागटाच्या कापडी पिशव्या कराव्यात. पिशवीवर आत काय आणि किती ते लिहिलेलं कार्ड शिवून टाकावं: दांडे १०, ठोकळे २०, छोट्या माळा आणि कार्डांचे संच पट पाहून. तास संपायच्या चार मिनिटं आधी गटप्रमुखाने मोजून पिशवी परत द्यायची. मोजणीही गठ्ठ्यानेच, दहा आणि सुटे. पेटी कपाटाच्या वरच्या खणात ठेवावी, खाली कधीच नाही, आणि जूनपासून आठवड्यातून एकदा कार्डं वर्गात पंख्याखाली पसरावीत. कडांवर पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसायची. ओल्या फडक्याने ती लॅमिनेशनच्या आत शिरते.